कमाल तापमानाइतकेच किमानही मोठ्या अक्षरांत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तोंडावर आला आहे. होळी झाली की आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर दरवर्षीची चौकट सुरू होईल: चंद्रपूर इतके, ब्रह्मपुरी तितके, अकोला तिसरे. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातली माणसे त्या चौकटीत आपला नंबर कितवा ते आधी बघतो, आणि पहिला असला की उगाचच छाती फुगते. (४७ अंशांत छाती फुगवणारे आम्हीच.) माझे म्हणणे त्या चौकटीतल्या आकड्याबद्दल नाही, तिच्यात जागा न मिळालेल्या आकड्याबद्दल आहे. किमान तापमान, म्हणजे रात्री पारा कुठवर उतरला ते, आतल्या पानावर बारीक अक्षरांत असते. डिसेंबरात तेवढे ते पहिल्या पानावर येते, कारण तेव्हा शेकोटीचा फोटो टाकता येतो. मे महिन्यात त्याला कोणी विचारत नाही. विजेचे गणित मात्र हल्ली त्याच आकड्यावर अडते. हे मी का म्हणतो ते जरा सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर कापा, पण ट्रान्सफॉर्मरचा भाग तेवढा राहू द्या.

मी ३३/११ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणाऱ्या, उपकेंद्रांत यंत्रचालक होतो. लोक ऑपरेटर म्हणतात. विद्युत मंडळ एकच होते तेव्हा लागलो, २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, त्यानंतरही बरीच वर्षे पाळ्या केल्या. ऑपरेटरचे मुख्य काम ब्रेकर चालू-बंद करणे असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात मुख्य काम लॉगशीट भरण्याचे. दर तासाला प्रत्येक फीडरचे (उपकेंद्रातून गावाकडे जाणाऱ्या वाहिनीचे) ॲम्पिअर, व्होल्टेज, पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे तापमान आणि वाइंडिंगचे (आतल्या तारांच्या गुंडाळीचे) तापमान लिहायचे. रात्रपाळीत दुसरा उद्योग नसतो, त्यामुळे आकडे नुसते लिहिले जात नाहीत, वाचलेही जातात.

मी लागलो त्या काळातली मे महिन्याची लॉगशीट डोळ्यांसमोर आणतो. संध्याकाळी सातला लोड चढायचा, दहापर्यंत टिकायचा, मग उतरू लागायचा. बारा-एक वाजता काटा बराच खाली. गाव अंगणात बाजा टाकून झोपलेले, घरे कवेलूची, ती लवकर निवायची. पहाटे तीन-चारला अंगावर चादर ओढावी असा गारवा भर मे महिन्यातही असायचा. तेलाचे तापमान पहाटेपर्यंत पुरते खाली यायचे आणि सकाळी ट्रान्सफॉर्मर नव्या दमाने दिवसाला लागायचा.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो उतार दिसेनासा झाला. रात्री अकराला जो लोड, तोच एकला, जवळपास तोच तीनला. एखाद्या रात्री तर बाराला फीडरचे ॲम्पिअर दुपारच्या बारापेक्षा जास्त. कागदावर हे निरुपद्रवी वाटते. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात काय होते ते पाहिले म्हणजे निरुपद्रवी वाटत नाही.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड, तांबे-ॲल्युमिनियम आणि तेल, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. त्याचे आयुष्य मात्र ठरते कागदावर. वाइंडिंगच्या तारांवर कागद गुंडाळलेला असतो आणि तो तेलात भिजलेला असतो. तांबे झिजत नाही, तेल बदलता येते, कागद बदलता येत नाही. उष्णतेने तो ठिसूळ होत जातो. नियम असा की सगळ्यात तापलेल्या जागेचे तापमान दर सहा अंशांनी वाढले की कागदाची झीज दुप्पट होते. सहा अंश जास्त म्हणजे एका रात्रीत दोन रात्रींचे आयुष्य संपले, बारा अंश जास्त म्हणजे चार रात्रींचे. आपल्याकडचे ट्रान्सफॉर्मर भोवतालची हवा जास्तीत जास्त ५० अंश धरून बनवतात, हे खरे. पण त्याच हिशेबात चोवीस तासांची सरासरी ४० आणि वर्षाची सरासरी ३२ च्या वर जाऊ नये, असेही धरलेले असते. म्हणजे बनवणाऱ्याने दुपारची ४७ गृहीत धरली होती, पण रात्री तो थंड होईल या भरवशावर. दिवसभर औताला जुंपलेला बैल रात्री सोडायचा असतो. आपण त्याला रात्रीही मोटेला लावला आहे.

ट्रान्सफॉर्मर रात्री जळतो तेव्हा लोक म्हणतात, ‘आता तर ऊन पण नाही, मंग कसा जळला?’ तो त्या रात्री जळलेला नसतो. महिनाभर रोज थोडा थोडा जळत आलेला असतो.

आमच्या उपकेंद्रात आम्ही काय करायचो तेही सांगतो, कारण बाहेरगावच्या लोकांना खरे वाटत नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरसमोर डेझर्ट कूलर लावायचो. घरात लावतात तेच, खसच्या ताटीचे मोठे कूलर. ऑपरेटरच्या खोलीत साधा पंखा आणि ट्रान्सफॉर्मरला दोन कूलर. वाइंडिंगचा अलार्म वाजू लागला की उपाय दोनच: एखादा फीडर बंद करून भार कमी करायचा, नाहीतर कूलरची टाकी भरायची. आम्ही आधी टाकी भरायचो.

कूलरचा विषय निघालाच आहे तर तोही सांगितला पाहिजे, कारण विदर्भातल्या विजेची मागणी कशी बदलली हे त्याच्याशिवाय कळत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांना कूलर म्हणजे गरिबाचा एसी वाटतो. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या उन्हाळा कूलरनेच काढला. हवा कोरडी असली की पाणी भराभर वाफ होऊन जाते आणि येणारा वारा खरोखर थंड असतो. घरातला कूलर साधारण दोनशे वॅट खातो. दीड टनाचा एसी खातो दीड हजार वॅटच्या आसपास. आता डीपीचे गणित करा. गल्लीतली १०० केव्हीएची डीपी, म्हणजे घरांना वीज देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, ढोबळ मानाने ९० किलोवॅटची. तिच्यावर साडेचारशे कूलर चालतील. एसी चालतील साठ.

कूलरची एक अट असते, ती म्हणजे हवा कोरडी हवी. पूर्वी आमच्याकडे मृगापर्यंत हवा कोरडी असायची. हल्ली एप्रिल-मेमध्येच मधूनमधून वळीव, गारपीट, ढग. त्यानंतरच्या चार दिवसांत कूलर लावला की खोलीत नुसती दमट वाफ भरते आणि अंग चिकट होते. हवा एका अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्रातले आहे. आमच्या लेआउटमधल्या (वसाहतीतल्या) बायकांनी ते पुस्तकाशिवाय ओळखले: ‘यंदा कूलर कामाचा नाही, हप्त्यावर एसी घेऊन टाका.’ आणि घेतला. त्यांना नावे ठेवणारा मी कोण? माझ्याही घरात आहे. सुनेला बाळ झाले त्या उन्हाळ्यात घेतला.

पण एसी घेताना मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज किती जण करतात? मीटरच्या कागदावर अजून एक-दोन किलोवॅटच. कागदावर डीपी अर्धी रिकामी, आणि रात्री साडेअकराला तिची टाकी हात लावू नये इतकी तापलेली. मग टोकाच्या घरांना व्होल्टेज १८०-१९० वर येते. व्होल्टेज पडले की एसीच्या कॉम्प्रेसरची मोटार तेवढेच काम करायला जास्त ॲम्पिअर ओढते, त्याने व्होल्टेज आणखी पडते. त्यात बाहेरची हवा जितकी गरम तितका एसीला उष्णता बाहेर टाकायला जोर जास्त लागतो, म्हणजे तोच एसी ३४ अंशांच्या रात्री २८ अंशांच्या रात्रीपेक्षा जास्त वीज खातो. शिवाय सिमेंटची घरे. दिवसभर स्लॅबने जे ऊन प्यायले ते रात्री दोनपर्यंत खोलीत ओकत असते. मागणी अशी तीन-चार बाजूंनी एकाच वेळी, एकाच तारेवर येते.

तारेचेही तेच. आमच्या लाइनच्या तारांना विझल, रॅबिट, डॉग अशी प्राण्यांची नावे असतात (इंग्रजांची देणगी). तार किती ॲम्पिअर वाहू शकते हे तिच्या भोवतालची हवा तिला किती थंड करते यावर असते. हवा गरम आणि वारा पडलेला असेल तर तिची ताकद घटते आणि ती लांबून झोळ पडतो. एकीकडे भार वाढतो आणि त्याच घटकेला तार, ट्रान्सफॉर्मर, केबल या सगळ्यांची झेपण्याची ताकद कमी होते.

आता वीज येते कुठून तिकडे वळतो. इथेही रात्रच आडवी येते.

दुपारची वीज आता तुलनेने सोपी झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. सौरऊर्जा खूप वाढली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीचे फीडर दिवसा चालू लागले. रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन, सापकिड्यातून मोटार सुरू करायला जाणारा शेतकरी मी जन्मभर पाहिला आहे, त्यामुळे या योजनेबद्दल मी वाकडे बोलणार नाही. घरावर सोलर बसवणारेही आमच्या लेआउटमध्ये वाढले. एक गंमत मात्र अनेकांना माहीत नसते: सोलरच्या पाट्यांना ऊन हवे असते, उष्णता नको असते. पाटी २५ अंशांच्या वर जितकी तापेल तितके दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाटी ६५ अंशांपर्यंत सहज जाते, म्हणजे सहावा हिस्सा तिथेच गेला.

पण संध्याकाळी साडेसहाला सोलर संपते आणि लोकांचा एसी रात्री दहाला सुरू होतो. शेजारचा मुलगा म्हणतो, ‘काका, आमचे बिल शून्य.’ बिल शून्य आहे, कारण दुपारी त्याने लाइनला दिले आणि रात्री लाइनकडून घेतले. हिशेबाच्या वहीत ते फिटले. रात्री अकराला त्याच्या एसीला वीज द्यायला कुठेतरी कोळसा जळावाच लागतो किंवा धरणातून पाणी सोडावेच लागते.

कोळशाची वीजही पाण्यावरच चालते, हे चंद्रपूरकरांना नव्याने सांगायला नको. नियमाप्रमाणे जुन्या केंद्राला एका युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची मर्यादा आहे. आमचे केंद्र आज २९२० मेगावॅटचे आहे. त्यातले अडीच हजार मेगावॅट चालले तरी त्या मापाने तासाला ऐंशी-नव्वद लाख लिटर पाणी होते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि संच बंद ठेवावे लागले. कोळशाचे ढीग पडलेले, लोक विजेसाठी ओरडत आहेत आणि संच उभे. परळीचे तर संपूर्ण केंद्रच फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद पडले, २०१५ मध्ये पुन्हा तेच. तिकडे गंगेच्या काठावरचे फरक्का केंद्रही मार्च २०१६ मध्ये कालव्यात पाणी नाही म्हणून थांबवावे लागले होते. गंगेच्या काठावर ही गत, तर आपल्या मराठवाड्याचे काय सांगायचे. शिवाय पाणी असले तरी ते गरम असले की वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधला व्हॅक्यूम बिघडतो आणि तेवढाच कोळसा जाळून वीज कमी मिळते. कोराडीला नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून देतात. हे शहाणपण इतर केंद्रांनाही मोठ्या प्रमाणावर लागू करता येईल, त्यासाठी दुष्काळाची वाट पाहण्याचे कारण नाही.

राहिली कोयना. रात्रीच्या चढत्या मागणीला कोयनेसारखा दुसरा आधार महाराष्ट्राकडे नाही. औष्णिक संच थंड पडला तर पुन्हा भारावर यायला कित्येक तास लागतात, कोयनेचा संच काही मिनिटांत येतो. क्षमता दोन हजार मेगावॅटच्या जवळ. पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. जून ते मे या वर्षाच्या सगळ्या संध्याकाळी आणि रात्री तेवढ्यातच भागवायच्या. पाऊस कमी झाला की सांगली-साताऱ्याकडच्या शेतीचे आणि पिण्याचे पाणी आधी, हेही योग्यच. म्हणजे ज्या वर्षी उष्ण रात्री जास्त, त्याच वर्षी कोयनेचा हात आखडता असण्याची शक्यता मोठी.

पावसाळाही आता भरवशाचा राहिलेला नाही. औष्णिक संचांची वार्षिक दुरुस्ती पावसाळ्यात ठेवायची ही जुनी रीत, कारण जुलै-ऑगस्टमध्ये पंप बंद, कूलर बंद, पवनचक्क्या जोरात, धरणे भरत आलेली. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन-कापूस वाचवायला शेतकऱ्यांनी भर पावसाळ्यात स्प्रिंकलर लावले, घरोघरी पंखे-एसी चालू, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला देशाची मागणी २४३ गिगावॅटपर्यंत (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) गेली. मे महिन्यातला उच्चांक सप्टेंबरात! त्याआधी २०२२ मध्ये मार्च इतका तापला की तोही १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. एप्रिलच्या शेवटी मागणी २०७ गिगावॅट झाली आणि कोळशाच्या गाड्यांना वाट करून देण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द झाल्या. ३० मे २०२४ ला २५० गिगावॅट. म्हणून २०२५ साठी २७० चा अंदाज बांधला, तर मे महिन्यात पावसानेच ठाण मांडले आणि आकडा २४३ च्या आसपास थांबला. मागणी दरवर्षी वाढतच जाईल असेही नाही. ती कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी वाढेल हे सांगणारा जुना आडाखा मोडला आहे, आणि संचाची दुरुस्ती, कोळशाचा साठा, धरणातले पाणी हे सगळे त्याच आडाख्यावर बसवलेले होते.

वादळांचे फार लिहीत नाही. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर कोकणातल्या लोकांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले, ते त्यांनीच लिहावे. आमच्याकडचे नुकसान लहान आणि रोजचे असते. चिनी मातीचे इन्सुलेटर दिवसभर तापलेले असतात, त्यांच्यावर धूळ बसलेली असते, आणि वळवाचे पहिले थेंब पडले की तडकतात. लाइन ट्रिप होते. अंधारात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत, टॉर्च मारत, कोणता इन्सुलेटर गेला ते शोधायचे. त्याचे उत्तर ‘दोन थेंब पडले की लाइट जाते’ या मथळ्यात नसते. मथळा खोटा आहे असे मी म्हणत नाही.

रात्री लाइन गेली की उपकेंद्रात काय घडते तेही आपल्या वाचकांना कळू द्या. एक ऑपरेटर, एखादा सुरक्षारक्षक, आणि फाटकावर शंभर-दीडशे माणसे. ‘लाइन कवा येते ते सांग!’ लेकरे रडत असतात, घरात म्हातारी माणसे तळमळत असतात, लोकांचा राग खरा असतो. फोन सतत वाजत असतो आणि लाइनमन डीपीवर असतो. त्यालाच मधे फोन करून विचारायचे नसते, कारण तो हातमोजे काढून फोन घेईल. मी एकदा फाटकावरच्या दोन जाणत्या माणसांना आत घेऊन पॅनेलसमोर उभे केले आणि वाइंडिंगच्या तापमानाचा काटा दाखवला. ते बाहेर जाऊन लोकांशी बोलले. वीसेक मिनिटे शांत गेली, तेवढ्यात टाकीत पाणी भरून झाले. दरवेळी असे जमत नाही. दगडही आले आहेत.

त्या लाइनमनचे बघा. दिवसभर उन्हात काम केलेला, बहुतेक वेळा कंत्राटी, रात्री दोनला खांबावर. उष्ण रात्री त्याचीही झोप झालेली नसते. दुपारी बारा ते चार उन्हात काम करू नका असे सांगणारे फलक मी पाहिले आहेत. रात्री किती तास सलग काम करावे हे सांगणारा फलक पाहिला नाही. अपघात थकव्यातून होतात, हे वीज खात्यात काम केलेला कोणीही सांगेल.

आता मागणे.

पहिले आपल्याकडे. हवामान खात्याची ‘उष्ण रात्र’ ठरवण्याची पद्धत आहे: दिवसाचे कमाल ४० किंवा त्याहून जास्त असताना किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर राहिले की ती उष्ण रात्र, ६.४ अंशांपेक्षा जास्त वर राहिले की तीव्र उष्ण रात्र. १ एप्रिलपासून पहिल्या पानावरच्या चौकटीत कमाल आणि किमान शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत छापा, आणि उष्ण रात्र असेल तर तसे लिहा. त्या आकड्यावरून लोक बरेच ठरवू शकतील. म्हाताऱ्या आईवडिलांना आज रात्री कोणत्या खोलीत झोपवायचे इथपासून.

दुसरे, आपल्या बातमीदारांनी वीज अधिकाऱ्यांना विचारताना दिवसाच्या सर्वोच्च मागणीबरोबर रात्री एकची मागणीही विचारावी, आणि तालुक्यात किती डीपी रात्री क्षमतेच्या वर गेल्या तेही. आकडे असतात. लॉगशीट आजही भरली जाते, आता तर बऱ्याच ठिकाणी मीटरच नोंद ठेवतात. कोणी मागत नाही म्हणून ती नोंद पडून राहते. डीपीची क्षमता वाढवताना मंजूर भाराचा कागद न बघता मे महिन्यातल्या मध्यरात्रीचे ॲम्पिअर बघायला हवेत. ग्राहकांनीही एसी घेतल्यावर भारवाढीचा अर्ज करावा. कंटाळवाणे काम आहे, पण त्याशिवाय तुमच्या गल्लीला मोठा ट्रान्सफॉर्मर कोणी मंजूर करणार नाही.

तिसरे, साठवणुकीचे. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. मागणी नसलेल्या वेळी पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी सोडून वीज घ्यायची. पूर्वी अशी स्वस्त वीज रात्री मिळायची, आता ती दुपारी मिळते. गेल्या दोन-तीन वर्षांत राज्याने अशा आणखी अनेक प्रकल्पांचे करार केले. त्यांतले किती जमिनीवर आले याचा पाठपुरावा आपण कराल तर बरे. घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत सुरू झाली तीही चांगली. त्यामुळे धुण्याचे मशीन, टाकीत पाणी चढवणे, इस्त्री ही कामे दुपारी सरकतील. झोप दुपारी सरकवता येत नाही, एवढेच लक्षात ठेवावे.

चौथे खर्चाच्या मानाने सगळ्यांत स्वस्त. आमच्या शेजारी तेलंगणाने २०२३ मध्ये घरांच्या छतांसाठी शीत छत धोरण आणले. राज्याची सीमा ओलांडली की पलीकडे धोरण आहे. गच्चीला चुना दिला तरी वरची खोली रात्री फरकाने निवते, हे आमच्या घरी पाहिले आहे. नगरपालिकेने निदान शाळा, दवाखाने आणि घरकुलांच्या छतांवर उन्हाळ्याआधी चुना मारावा. एसी असेल त्यांनी तो २४ वर ठेवून पंखा लावावा. २०२० पासून नव्या एसीत २४ हेच आकडे आधीपासून बसवलेले येतात, लोक दुकानातून आणतात आणि त्याच दिवशी १८ करतात. एका अंशाला साधारण सहा टक्के वीज, म्हणजे सहा अंशांना किती ते ज्याचे त्याने करावे.

आणि लाइनमनच्या रात्रपाळीचे तास, सलग कामानंतरची सक्तीची विश्रांती, खांबावर चढायला दुसरा माणूस सोबत असणे, याचा नियम उष्ण रात्रींसाठी वेगळा हवा. हा मुद्दा आपल्याकडून आला तर ऐकला जाईल. निवृत्त ऑपरेटरच्या अर्जाला आवक क्रमांक तेवढा मिळतो.

आपला,
एक सेवानिवृत्त यंत्रचालक
वरोरा, जि. चंद्रपूर